सोळा सेकंद

मी दात बनवते. दुसऱ्यांचे. दवाखान्यातून तोंडाचा साचा येतो, आमच्या लॅबमध्ये त्यावर कॅप तयार होते आणि परत जाऊन कोणाच्या तरी तोंडात बसते. पोर्सिलेनची पूड ओली करायची, ब्रशच्या टोकानं थर चढवायचा, भट्टीत भाजायचा, पुन्हा चढवायचा. शेजारच्या खऱ्या दाताला पत्ता लागता कामा नये की आपल्या रांगेत कोणी उपरा येऊन बसलाय. एकवीस वर्षं हेच केलं. लॅबच्या मालकीणबाई डॉक्टरांना फोनवर सांगायच्या, "पुढचे दात ना? ते मी हिच्याशिवाय कोणाला देत नाही." मी न ऐकल्यासारखं करायचे आणि दिवसभर खूश असायचे.

चार वर्षांपूर्वी उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या त्या गेल्याच नाहीत. मग डावा पाय फरफटायला लागला. तपासण्यांसाठी खेटे घालून झाल्यावर मेंदूच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. आपलं रक्षण करायला ठेवलेल्या पेशीच आपल्या नसांवरचं वेष्टण कुरतडतात. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं. माझा प्रकार हळूहळू वाढणारा. एकदम आडवं पाडत नाही, रोज थोडंथोडं चोरून नेतो. चोर घरातलाच असल्यामुळे तक्रार कोणाकडे करणार?

गेल्या वर्षी जानेवारीत डॉक्टर म्हणाल्या, "एक औषध आहे. मोनोक्लोनल अँटिबॉडी. सहा महिन्यांतून एकदा सलाईनमधून द्यायचं. कुरतडणाऱ्या पेशींमधली नेमकी एक जात हुडकून काढतं ते."

"हात पहिल्यासारखा होईल?"

"नाही. गेलेलं परत येत नाही. पण उरलेलं बराच काळ टिकवता येईल. म्हणून लवकर सुरू करायला हवं."

मला तेवढं पुरे होतं. त्या वेळी माझ्या हातात पुष्कळ उरलं होतं. ब्रश कधीमधी थरथरायचा, पण मनगट टेबलाला टेकवलं की जमायचं. तेवढा हात राहिला असता तर मी मरेपर्यंत दात बनवत बसले असते.

पण औषध डॉक्टरांच्या हातात नव्हतं, त्याचा न परवडणारा खर्च मंजूर करणाऱ्या सरकारी समितीच्या हातात होतं. समितीचा नियम असा, की सहा महिन्यांच्या अंतरानं दोन चाचण्या घ्यायच्या आणि त्यात हात किंवा चाल एक पंचमांशानं तरी बिघडलेली दिसली पाहिजे. म्हणजे बुडणाऱ्याला काठावरून विचारायचं, बाई, पाणी कुठवर आलंय? हनुवटीपर्यंत? मग सहा महिन्यांनी या.

चालायची चाचणी पंचवीस फुटांची. पंचवीस फूट कोणाला चालता येत नाही? पंचविसाव्या मिनिटाला या म्हणावं बघायला, मी कुठल्या भिंतीला धरून उभी आहे ते. हाताची चाचणी म्हणजे प्लॅस्टिकचा एक पाट, त्यात नऊ भोकं आणि बाजूच्या वाटीत नऊ खुंट्या. एकेक उचलून भोकात घालायची, सगळ्या घालून झाल्या की एकेक काढून परत वाटीत टाकायची. चाचणी घेणाऱ्या मुलीनं घड्याळ दाबलं. एकोणीस सेकंद.

"छान!" ती म्हणाली. "निरोगी माणसालाही साधारण एवढेच लागतात."

मी तिला काय सांगणार? तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत तीन छटा भरणारा हात हा. निरोगी असता तर तेरा सेकंदांत पाट तिच्या हातात परत दिला असता. पण समितीच्या कागदावर तेरा आकडा कुठेच नव्हता.

घरी आम्ही दोघंच, मी आणि माझे सासरे. नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने समुद्रात. सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणतात. आयुष्यभर सुतारकाम केलं, आता निवृत्त आहेत. म्हणजे घरातला प्रत्येक दरवाजा वर्षातून दोनदा तासला जातो. अप्पांचं एक तत्त्वज्ञान आहे. न वापरलेली वस्तू बिघडते. बिजागरी गंजते ती दार न उघडल्यामुळे, हात आखडतो तो न चालवल्यामुळे.

"कसा होता तो पाट?" त्यांनी विचारलं.

आता कोणी दुसरी असती तर म्हणाली असती, असा असा, भोकं असलेला. पण माझा जन्म मापं घेण्यात गेला. मी भोकाची रुंदी, खोली, दोन भोकांमधलं अंतर, खुंटीची जाडी सगळं केसाच्या अंतरानं सांगितलं. आणि ऐकणारा माणूस असा, की माप एकदा ऐकलं की दुसऱ्यांदा विचारत नाही. चौथ्या दिवशी सकाळी चहाच्या कपाशेजारी शिसवी पाट हजर होता. कडा घासून गुळगुळीत केलेल्या, खुंट्या मेणानं पुसलेल्या. दवाखान्यातला पाट याच्यापुढे खेळणं वाटावं.

"रोज वीस वेळा," अप्पा म्हणाले. "बघतो कसा बिघडतो हात."

दोन कारागीर एका घरात असले की असा घोटाळा होतो. मापात आमची चूक कधी होत नाही, त्यामुळे हे कशाला करतोय हे विचारायचं दोघांनाही सुचत नाही. त्या दिवसापासून चहा झाला की अप्पा घड्याळ घेऊन समोर बसायचे. सेकंद कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहायचे. एकोणीस, एकोणीस, अठरा. मे महिन्यात सतरा झाले तेव्हा त्यांनी शेजारच्यांना बोलावून दाखवलं. मी पण दाखवलं. खोटं कशाला बोलू, मलाही मजा यायला लागली होती. लॅबमध्ये ब्रश घसरायचा, पुन्हा थर खरवडून काढावा लागायचा, पण घरी आले की कपाटाचं दार सांगायचं की तू सुधारतेयस. माणूस आवडता साक्षीदार निवडतो.

जुलैत दुसरी चाचणी झाली. सोळा सेकंद. चाचणी घेणाऱ्या मुलीनं टाळी वाजवायचीच बाकी होती. बाहेर बसलेल्या अप्पांना मी बोटांनी खूण करून सांगितलं, एक आणि सहा. त्यांनी मान अशी हलवली, जशी नवा दरवाजा चौकटीत चपखल बसल्यावर हलवतात.

चौदा ऑगस्टला समितीचं पत्र आलं. 'हाताच्या कार्यात लक्षणीय सुधारणा. सदर औषधाची आवश्यकता दिसून येत नाही. अर्ज नामंजूर.'

मी ते पत्र घेऊन तडक डॉक्टरांकडे गेले. अप्पा बरोबर होते. डॉक्टरांनी पत्र वाचलं, स्कॅन काढून बघितला, पुन्हा पत्र वाचलं.

"हे शक्यच नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही घरी काही करत होतात का?"

मी काही बोलायच्या आत अप्पा म्हणाले, "मी पाट केलाय ना. रोज वीस वेळा करते ती. इथल्यापेक्षा चांगला आहे, हवा तर आणून देतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. 

"काका," त्या म्हणाल्या, "आजार थांबलेला नाही. हातानं तेवढी एक गोष्ट पाठ केली. पोर पाढा घोकतं तशी. तिला दुसरं काही करायला सांगा, मग कळेल."

"म्हणजे?" अप्पांनी विचारलं.

"म्हणजे या दोन्ही चाचण्या आता कामाच्या नाहीत. फेरविचाराचा अर्ज करू. तारीख मिळते सहा महिन्यांनी."

सहा महिने! मी त्या खोलीत ओरडले. मी म्हटलं, अहो, मी व्यायाम केला, दारू नाही प्यायले! हात चालवला म्हणून शिक्षा? डॉक्टर म्हणाल्या, मला कळतंय. त्यांना खरंच कळत होतं, आणि त्याचा मला काडीचाही उपयोग नव्हता.

घरी आलो.  जिना चढता चढता, एका हातानं कठडा धरून, मी त्यांना म्हटलं, "तुमच्या हौसेपायी माझे सहा महिने गेले, अप्पा. काही न करता गप्प बसला असतात तर आज औषध चालू झालं असतं."

ते माझ्या मागच्या पायरीवर थांबले. मी पडले तर धरायला ते नेहमी एक पायरी मागे असतात. "हो," एवढंच म्हणाले. त्या रात्री मला त्यांच्यापेक्षा माझाच जास्त राग आला, कारण मापं कोणी दिली होती? पण बोललेलं काही परत घेतलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते चहा घेऊन गॅलरीत बसायला लागले, आणि कपाटाच्या दाराची आतली बाजू त्यांनी पॉलिश पेपरनं घासून कोरी केली.

पुढचे सहा महिने कसे काढले ते मलाच माहीत. समितीच्या कचेरीत फोन करावा तर 'तुमचा अर्ज प्रक्रियेत आहे'. स्वतः जाऊन उभं राहावं तर 'फोन करायचा होता'. खिडकीतल्या माणसानं एकदा मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाला, "तुम्ही तर चांगल्या दिसताय की." त्याच्या पुढच्या दातावर कॅप होती, रंग दोन छटा चुकलेली, आणि मी ते त्याला सांगितलं. तेवढाच त्या महिन्यातला आनंद. सल्ले देणाऱ्यांना तर ऊत आला होता. शेजारीण म्हणाली, "अगं, त्यात काय एवढं, पुढच्या वेळी दोन-चार खुंट्या पाड की खाली. नाटक करायला काय जातंय?"

मी ठरवलं, पाडायच्या. सरळ माणसाला असंच वागवणार असाल तर असंच सही.

लॅबमध्ये मी एक तास लवकर जायला लागले, कारण पूर्वी दिवसाला चार कॅप व्हायच्या त्या आता दोनच व्हायच्या. मालकीणबाई काही बोलायच्या नाहीत. माझ्या ट्रेमधली कामं उचलून न्यायच्या, पाच वाजले की म्हणायच्या, "जा गं आता, दमलीस." मला वाटायचं, चाललंय. हळू, पण चाललंय. सुनावणीची तारीख आली तेव्हा मी त्यांना विनंती केली, "बाई, तुम्ही याल का? मला आता पहिल्यापेक्षा वेळ लागतो, एवढं फक्त सांगा."

"येते," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "खरं सांगितलं तर चालेल ना?"

"म्हणजे काय, खरंच सांगायचंय."

सुनावणीच्या खोलीत लांब टेबल होतं. पलीकडे तिघं. मध्ये अध्यक्ष, चष्मा कपाळावर चढवलेले. अलीकडे आम्ही तिघं, मी, मालकीणबाई आणि अप्पा. डॉक्टरांनी पत्र लिहून दिलं होतं, ते अध्यक्षांनी वाचलं. मग विचारलं, "कप धरता येतो? बटणं लावता येतात? स्वतःची वेणी?"

सगळ्याला हो म्हणावं लागलं. प्रत्येक 'हो'ला माझ्या पायाखालची जमीन वीतभर सरकत होती.

"मग अडचण नक्की काय आहे?" ते म्हणाले आणि त्यांनी खणातून तोच पांढरा प्लॅस्टिकचा पाट काढून माझ्यापुढे ठेवला. "बघू, करून दाखवा."

मी मनाशी म्हटलं, पाड. पहिलीच पाड. खुंटी उचलली. आणि देवाशपथ सांगते, मी काही केलं नाही, हातानंच केलं. नऊ आत, नऊ बाहेर. एकवीस वर्षं ज्या हाताला नीटच करायची सवय, त्याला वाईट करायला शिकवायचं राहून गेलं होतं. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. "सोळा," ते म्हणाले. "बाई, मला स्वतःला एवढ्या वेळात जमणार नाही." बाजूचे दोघं हसले. अप्पांनी डोळे मिटून घेतले. मला इतकं हताश वाटलं की उठून निघून जावं, पण पायानं लगेच उठता येत नव्हतं.

तेव्हा मालकीणबाईंनी पर्समधून एक पत्र्याचा डबा काढला आणि टेबलावर ठेवला. आत छोट्या प्लॅस्टिकच्या पुड्या होत्या, प्रत्येकीत एक दात आणि तारखेची चिठ्ठी.

"सगळे नाहीत, त्यातले हे एक्केचाळीस ठेवून दिलेत," त्या म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "हिनं केलेले. सुरुवातीचे डॉक्टरांनी परत पाठवलेले. नंतरचे मी पाठवलेच नाहीत. ही पाच वाजता गेली की मी आणि लॅबमधली दुसरी मुलगी बसून ते नव्यानं करायचो. चार महिन्यांत हिच्या हातचा एकही दात कोणाच्या तोंडात गेलेला नाही."

 अध्यक्षांनी चष्मा डोळ्यांवर ओढला, एक पुडी उचलली, मग दुसरी. शेवटच्या काही कॅप तर कोणालाही कळल्या असत्या. एकीची कड फुटलेली, एकीवर थराचा गोळा तसाच राहिलेला. हे मी केलं होतं. मी हे करून ट्रेमध्ये ठेवलं होतं आणि घरी गेले होते.

दहा मिनिटांत अर्ज मंजूर झाला. नामंजूर करायला सात महिने लागले होते.

बाहेर आल्यावर मी मालकीणबाईंना म्हटलं, "मला सांगितलं का नाहीत?"

"काय सांगायचं होतं गं मी?" त्यांचा आवाज चढला. "तू एक तास आधी येऊन बसायचीस. मनगट टेकवून, जीव ओतून. मी तुला येऊन सांगू की हे फेकून द्यायचंय?" त्यांनी डबा माझ्या हातात कोंबला. "घे. तुझं तुझ्याकडे. आणि औषध घेऊन झालं की ये. रंग जुळवायला तुझ्यासारखे डोळे नाहीत कोणाकडे. टेबलावर नको बसूस, पण ये."

टेबलावर नको बसूस. मला हवं ते औषध मिळालं होतं, आणि ते मिळवायला मी काय गमावलंय त्याची यादी लागली होती. मी मालकीणबाईंना धन्यवाद म्हटलं आणि त्यांचा भयंकर राग आला. दोन्ही खरं होतं.

आठवड्याभरानं पहिलं सलाईन लागलं. मोठ्या खिडकीजवळची खुर्ची, डाव्या हातात सुई, यंत्र थेंब मोजतंय. नर्स म्हणाली, पहिल्या वेळी हळू देतो, चार-पाच तास लागतील, घसा खाजला किंवा अंगावर पुरळ आलं तर लगेच सांगा. अप्पा समोर स्टुलावर बसले होते, पाठ ताठ, हात मांडीवर. ऑगस्टपासून आम्ही जेवण, औषधं आणि दळण यांपलीकडे काही बोललो नव्हतो.

वेळ जाईना. मी डबा आणला होता, का आणला ते सांगता येणार नाही. खुर्चीला लावलेल्या ट्रेवर मी दात काढून तारखेप्रमाणे मांडले, प्रत्येकाखाली त्याची चिठ्ठी. चार ओळींत दहा-दहा आणि एक वर. सुरुवातीला जून, शेवटी जानेवारी. आणि मग मी त्यांच्याकडे कामाच्या नजरेनं बघितलं.

पहिले सहा-सात चांगले होते. परत आले होते, पण कशासाठी, तर कड केसभर उघडी, रंग अर्ध्या छटेनं फिका. असे दात कोणाचेही परत येतात. सातव्यावर तारीख होती बारा ऑगस्ट. पत्र यायच्या दोन दिवस आधीचा. टोकाकडे निळसर झाक, मुळाकडे ऊब, मधला थर इतका पातळ की कुठे संपतो ते कळू नये. आठव्यापासून घसरण होती. सप्टेंबर, ऑक्टोबर, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा वाईट. गेलेलं परत येत नाही, डॉक्टर म्हणाल्या होत्या. औषध जिथे सुरू होतं तिथला हात टिकतो. आज मी एक्केचाळिसाव्यावर थांबले होते. ऑगस्टमध्ये 'मंजूर' आलं असतं तर सातव्यावर थांबले असते. सातव्या दातावर मी सगळं आयुष्य काढलं असतं.

"सूनबाई," अप्पा म्हणाले. स्टूल पुढे ओढून ते ट्रेवर वाकले होते. "ते पत्र आलं तेव्हाचा यातला कुठला?"

वर्षभर मी कोणाच्या तरी माथी मारायला पुरावा शोधत होते. समितीच्या, नियमाच्या, त्या घड्याळवाल्या मुलीच्या, यांच्या. आता पुरावा ट्रेवर होता, तारखेसकट, आणि विचारणारा स्वतः मान खाली घालून विचारत होता.

मी चौतिसाव्यावर बोट ठेवलं. वाकडा, फुगीर, कड गेलेला. "हा," मी म्हटलं. "तेव्हाच हात असा झाला होता, अप्पा. तुमच्या पाटानं काही बिघडलं नाही."

त्या दाताखालच्या चिठ्ठीवर मालकीणबाईंच्या ठसठशीत अक्षरात डिसेंबर लिहिलं होतं. अप्पांना जवळचं चांगलं दिसतं. त्यांनी ते वाचलं.

"बरं," ते म्हणाले.

मग ते एकेक दात उचलून पुडीत घालायला लागले, सावकाश, चिठ्ठीसकट, शेवटाकडून सुरुवातीकडे. सातव्यापाशी आल्यावर त्यांनी तो चिमटीत धरला आणि खिडकीकडे करून बराच वेळ बघितला.

"हा चांगला झाला होता," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "तो चांगला होता."